पहिली पॉइंट टू टू रायफल घेताना

एनसीसीच्या शिबिरात वाळूच्या पिशवीवर हात टेकवून पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या झाडलेल्या माणसाला ‘पॉइंट टू टू’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मात्र त्या शिबिरातली रायफल आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ज्या ५० मीटर थ्री पोझिशन (तीन स्थितींच्या) प्रकारात पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले त्यातली रायफल, या दोघी एकाच घराण्यातल्या आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दोन्हींत काडतूस तेच, ‘.२२ लाँग रायफल’ नावाचे; यातले .२२ (पॉइंट टू टू) म्हणजे इंचातली जाडी. फरक आहे तो त्या काडतुसाभोवती बांधलेल्या यंत्रात आणि ते यंत्र माणसाच्या अंगाला कसे बसते यात. नवशिक्या नेमबाजाने, किंवा त्याच्या पालकांनी, पहिली रायफल निवडताना काय पाहावे, हे या लेखात क्रमाने सांगण्याचा प्रयत्न आहे.

हे काडतूस ‘रिमफायर’ जातीचे आहे, म्हणून आधी त्या शब्दाचा अर्थ पाहू. मोठ्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी एक छोटी टोपी बसवलेली असते, फायरिंग पिन तिच्यावर आपटते आणि आतली दारू पेटते. रिमफायर काडतुसात अशी वेगळी टोपी नसते. पितळी पुंगळीच्या बुडाला जी बाहेर आलेली कड असते, तिच्या आतल्या पोकळ घडीत स्फोटक मिश्रण भरलेले असते आणि पिन त्या कडेला चिमटते. पिनच्या ठोक्याने कड दबायला हवी, म्हणून पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो. पत्रा पातळ म्हणून आतला दाब कमी ठेवावा लागतो आणि दाब कमी म्हणून धक्का व आवाजही कमी. १८८७ पासून चालत आलेले हे काडतूस नवशिक्याला मानवते ते याच साखळीमुळे. या साखळीचे दुसरे टोकही आहे. कडेतले मिश्रण प्रत्येक पुंगळीत अगदी सारखे पसरवणे कारखान्याला कठीण जाते, आणि कड एकदा चिमटली की ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे मोठ्या रायफलीचे नेमबाज आपली काडतुसे स्वतः मोजून-मापून भरतात तशी सोय इथे नाही. बाजारात जे मिळेल त्यातूनच निवड करावी लागते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल, कारण माझ्या मते रायफलीच्या निवडीइतकाच तो महत्त्वाचा आहे.

आता थोडे गणित. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. गोळीची कड त्या वर्तुळाला स्पर्श करून गेली तरी दहा गुण मिळतात आणि गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची असते. म्हणून गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असला पाहिजे. रायफलीची पुढची आणि मागची साइट, म्हणजे नेम धरण्याची साधने, यांत साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर लक्ष्यावरचे हे ८ मिलिमीटर म्हणजे डोळ्यासमोर साइटची जेमतेम ०.१३ मिलिमीटरची सरक. वहीच्या एका पानाच्या जाडीपेक्षा ही किंचितच जास्त भरते. पॅरिसच्या अंतिम फेरीत कुसाळे यांनी ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण केले, म्हणजे गोळीमागे सरासरी १०.२६ (अंतिम फेरीत दहाच्या वर्तुळातही दशांश गुण धरतात). गुडघ्यावर, पोटावर आणि उभे राहून, तिन्ही स्थितींत मिळून ही सरासरी आहे, हे लक्षात घेतले की या खेळात चुकीला किती कमी जागा आहे ते कळते.

यावरून नवशिक्याला महागातली महाग रायफल हवी, असा निष्कर्ष काढला जातो आणि तिथेच गफलत होते. नवशिक्याच्या गोळ्या काही काळ नऊ, आठ, सात अशा विखुरणारच आहेत. त्याला अशी रायफल हवी की जी खोटे बोलणार नाही. गोळी सातात गेली तर ती श्वासामुळे गेली, ट्रिगर ओढताना झटका बसला म्हणून गेली, की रायफलीनेच आपल्या मनाने नेली, हे त्याला सांगता आले पाहिजे. रायफल आणि काडतूस मिळूनच जर तीन-तीन सेंटिमीटर विखुरत असतील, तर मुलगा वर्षभर सराव करील आणि स्वतःच्या न केलेल्या चुका दुरुस्त करीत बसेल. टेकूवरून झाडलेल्या दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर पडलेल्या भोकांचा पुंजका, साधारण १६ मिलिमीटरच्या आत ठेवणारी रायफल असली, की पुढे जे चुकते ते आपलेच, असे समजून कामाला लागता येते. ती नवीच असावी लागते असे नाही. नामांकित बनावटीची, वीस-तीस वर्षे वापरलेली रायफलही हे काम करते.

स्पर्धेचे नियम निवडीचे क्षेत्र बरेच आखडून देतात आणि ते एका अर्थी बरेच आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चालणाऱ्या ५० मीटर स्पर्धेत प्रत्येक गोळी हाताने एकेक भरावी लागते, म्हणून मॅगझिन किंवा अर्धस्वयंचलित यंत्रणा यांचा काही उपयोग नाही. दुर्बीण चालत नाही. पुढे गोल कडी आणि मागे बारीक छिद्र असलेली पीप साइट लागते. रायफलीच्या वजनाला कमाल मर्यादा आहे. पुरुषांसाठी ती ८ किलोची आहे. शेतावर डुकरे हाकलायला घेतलेली किंवा आजोबांच्या काळची शिकारी .२२ घरात असेल, तर तिच्यावर सुरक्षिततेचे धडे गिरवता येतील, स्पर्धेसाठी ती घेऊन फारसे पुढे जाता येणार नाही. तिचा दस्ता, म्हणजे नळी बसवलेला आणि हाता-खांद्याशी धरायचा सांगाडा, न बदलणारा असतो, ट्रिगर जड असतो आणि पीप साइट बसवायला बहुधा जागा नसते.

निवडीतला सर्वांत मोठा भाग दस्त्याचा आहे, आणि दुकानात सगळ्यांत कमी चर्चा त्याचीच होते. खरेदीला आलेला माणूस नळी कुठल्या देशाची आहे हे आधी विचारतो. रायफल मात्र खांदा, गाल आणि दोन हात अशा चार ठिकाणी माणसाला भेटते आणि या चारांपैकी एक जागा जरी बळेच जुळवावी लागली, तरी स्नायू ताणलेले राहतात, आणि ताणलेला स्नायू थरथरतो. मी शिकायला लागलो तेव्हा रेंजवरची जी रायफल वाट्याला आली तिचा बट, म्हणजे दस्त्याचा खांद्याला टेकणारा मागचा भाग, माझ्यासाठी दोन बोटे लांब होता. तो गाठण्यासाठी मी मान पुढे काढीत असे आणि महिनाभर माझ्या गोळ्या वर-खाली लांब ओळीत जात होत्या. प्रशिक्षकांनी पान्याने बटच्या टोकाची बटप्लेट आत सरकवली, आणि त्याच दुपारी ती उभी ओळ मोडून गोळ्या एका जागी गोळा होऊ लागल्या. श्वासाचे जे व्यायाम मी महिनाभर करीत होतो त्यांचा त्या ओळीशी काही संबंध नव्हता.

रायफल अंगाला बसते की नाही हे पाहण्याची एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, रेंजवर प्रशिक्षकांसमोर, प्रोनमध्ये म्हणजे पोटावर झोपून स्लिंग (रायफल हाताशी बांधणारा पट्टा) लावून रायफल खांद्याला घ्यावी, लक्ष्यावर नेम धरावा, मग डोळे मिटावेत. दोन-तीन श्वास सावकाश घ्यावेत, खांदे आणि मान सैल सोडावी आणि डोळे उघडावेत. मागच्या छिद्राच्या मधोमध पुढची कडी दिसली, तर गालाची उंची आणि बटची लांबी जुळली. छिद्रातून बघण्यासाठी डोके उचलावे किंवा दाबावे लागले, तर चीकपीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग, चुकीच्या उंचीवर आहे. कडी मध्यात आहे, पण ती लक्ष्याऐवजी शेजारच्या लेनकडे पाहत आहे, तर तो दोष रायफलीचा नाही. शरीरच थोडे फिरवून घ्यावे लागते. हाच प्रयोग गुडघ्यावर बसून आणि उभे राहून करावा. एकाच मापावर तिन्ही स्थिती क्वचितच जुळतात, आणि म्हणून ज्या दस्त्याची बटप्लेट वर-खाली व आत-बाहेर सरकते, चीकपीस उंच होते आणि पुढच्या पट्टीवर हँडस्टॉप (पुढच्या हाताला अडवणारा खुंट) हवा तिथे आवळता येतो, तोच दस्ता घ्यावा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर याला पर्याय नाही, कारण त्याची उंची वर्षात चार बोटे वाढणार आणि रायफलीला त्याच्यामागून वाढत जावे लागणार.

डावखुऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. उजव्या हाताची रायफल ‘सवयीने जमेल’ असे म्हणून गळ्यात मारली जाते. तिची मूठ उजव्या तळहाताच्या आकारात कोरलेली असते आणि बोल्टही, म्हणजे काडतूस भरण्यासाठी मागे-पुढे करायचा दांडाही, उलट बाजूला येतो. प्रोनमध्ये दर गोळीला बोल्टसाठी अंग हलवावे लागले, तर स्थिती साठ वेळा मोडते आणि साठ वेळा नव्याने बांधावी लागते. डाव्या हाताची रायफल मिळायला वेळ लागतो, पण थांबावे. आणि हातापेक्षा डोळा महत्त्वाचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या दिव्याकडे बोट करावे व एकेक डोळा मिटून पाहावा. ज्या डोळ्याने बोट दिव्यावरच राहते, तो प्रधान डोळा, आणि रायफल शक्यतो त्या बाजूच्या खांद्यावर हवी.

वजनाबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. जड रायफल कमी हलते, हे खरे. पण उभ्या स्थितीत स्लिंग वापरता येत नाही आणि सगळा भार कमरेच्या हाडावर टेकवलेल्या कोपरावरून पायांत उतरवावा लागतो. कोवळ्या पाठीवर सहा-सात किलोंचा भार रोज दोन तास घालण्याआधी प्रशिक्षकांना आणि जरूर तर डॉक्टरांना विचारावे. पाच किलोंच्या आसपासची रायफल घेऊन, पुढे ताकद आली की नळीवर वजने चढवणे सोपे असते. जड रायफल तासून हलकी करता येत नाही.

ट्रिगर दोन टप्प्यांचा असावा, म्हणजे आधी थोडा सैल प्रवास, मग एक स्पष्ट अडथळा, आणि त्यापुढे किंचित दाबताच सुटका. मॅच (म्हणजे स्पर्धेच्या) रायफलीचे ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास लावलेले असतात. नवशिक्याने सुरुवातीला थोडा जड ठेवावा, कारण फार हलका ट्रिगर मनात ‘आता’ येण्याआधीच सुटतो. साइटविषयी एवढेच की पुढच्या कडीची मापे बदलता आली पाहिजेत, आणि सुरुवातीला मोठी कडी लावावी. काळ्या लक्ष्याभोवती पांढरी पट्टी ऐसपैस दिसली, तर डोळा आपोआप मध्य साधतो. कडी घट्ट असली की डोळा काठाशी भांडत बसतो.

आता नळी आणि काडतूस. स्पर्धेच्या काडतुसातली गोळी शिशाची, ४० ग्रेन म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि ती नळीतून सेकंदाला साधारण ३२०-३३० मीटर वेगाने निघते. हा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा कमी ठेवलेला असतो. आवाजाची मर्यादा ओलांडून निघालेली गोळी वाटेत मंदावून पुन्हा त्या मर्यादेखाली येताना डळमळते, शिवाय वाटेत जास्त वेग गमावते. त्यामुळे डब्यावर ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेली गोळी वाऱ्यात कमी सरकण्याऐवजी जास्त सरकते, ही नव्या माणसाला उलटी वाटणारी गोष्ट अगदी खरी आहे. लांब नळीचेही तसेच. एवढीशी दारू नळीच्या पहिल्या ४०-४५ सेंटिमीटरमध्येच आपले काम संपवते. त्यापुढची लांबी साइटमधले अंतर वाढवते, वेग नाही. म्हणूनच आजच्या कित्येक रायफलींत आखूड नळीच्या तोंडाला पोकळ नळकांडे जोडून त्यावर पुढची साइट बसवलेली दिसते.

प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, आणि ही बोलण्याची पद्धत नसून मोजता येणारी गोष्ट आहे. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस किंवा एसके या काडतुसांच्या नावांपैकी कुठल्याही डब्यावर लॉट क्रमांक, म्हणजे एका वेळी बनलेल्या खेपेचा क्रमांक, छापलेला असतो. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटची काडतुसे एकाच नळीतून झाडली तरी ग्रुप वेगळे पडतात. चाचणी करताना रायफल टेकूवर ठेवून, वारा पडलेला असताना, प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे निदान तीन ग्रुप घ्यावेत. लॉट बदलल्यावर पहिल्या पाच-दहा गोळ्या मोजू नयेत, कारण नळीत आधीच्या काडतुसाच्या मेणाचा थर असतो. ग्रुपमधल्या सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर कॅलिपरने मोजावे आणि त्यातून ५.६ वजा करावेत. कागदातले भोक गोळीपेक्षा किंचित लहान दिसते, त्यामुळे उत्तर थोडे आपल्या बाजूने झुकते, पण तुलनेसाठी चालते. एका लॉटचे ग्रुप १४, १५, १४ आणि दुसऱ्याचे १३, २२, १६ आले, तर पहिला घ्यावा. एक सुंदर ग्रुप पाहून हुरळून जाण्याचा मोह सगळ्यांना होतो. स्पर्धेत मात्र तो २२ वालाच वाट्याला येतो. सगळ्यांत महाग डबा नवशिक्याला लागत नाही. मधल्या दर्जाचा, आपल्या नळीला मानवणारा लॉट सापडला की परवान्याच्या मर्यादेत बसेल तेवढा एकदम घेऊन ठेवावा.

जुनी मॅच रायफल घेताना लाकडावरचे ओरखडे पाहून भाव पाडू नये आणि चकाकी पाहून वाढवू नये. बोल्ट काढून, उजेडात, काडतूस बसते त्या चेंबरच्या तोंडाची कड पाहावी. रिमफायर रायफल रिकामीच बेसुमार चालवली असेल, तर पिन पुंगळीच्या कडेऐवजी थेट लोखंडावर आपटत राहते आणि तिथे एक बारीक खाच पडते. मग पुंगळ्या अडकतात आणि कधी काडतूस फुकट जाते. नखाने ती खाच लागते. त्यानंतर नळीचे तोंड पाहावे. समोरून गज घालून साफ केलेल्या नळीच्या ओठाला एका बाजूने झीज आलेली असते आणि गोळी नळी सोडताना तिथेच ढकलली जाते. चेंबरच्या लगेच पुढे कार्बनचे कडे जमलेले असेल, तर घाबरू नये. ते ब्रशने व सॉल्व्हंटने निघते. शिशाच्या मऊ गोळीने नळी सहसा झिजत नाही, नळी खराब होते ती गंजाने किंवा अडाणी सफाईने. शेवटी दस्त्याचे दोन स्क्रू ठरलेल्या ताणाला आवळून ग्रुप घ्यावा. ते सैल असल्यामुळे चांगली रायफल ‘बाद’ ठरल्याचे मी पाहिले आहे.

नावेच हवी असतील, तर जर्मनीच्या आनशुट्झ कंपनीची १९०३ क्रमांकाची रायफल ही शिकाऊ नेमबाजासाठी सुटसुटीत मॅच रायफल आहे आणि १९०७ व १९१३ या तिच्या वरच्या पायऱ्या. या वरच्या दोन रायफलींतली ५४ क्रमांकाची यंत्रणा वापरलेल्या बाजारात आजही मान राखून आहे. वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ यांच्या ॲल्युमिनियम दस्त्याच्या रायफली सरकवायला अधिक सोयीच्या, आणि त्या मानाने महाग. चेक बनावटीची सीझेड नेमकी असते, पण तिचा साधा दस्ता स्पर्धेच्या तिन्ही स्थितींना पुरत नाही.

भारतात या सगळ्याच्या आधी कायदा येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली .२२ रायफलीला परवाना लागतो. त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात, केंद्र सरकारची मान्यता असलेल्या रायफल क्लबच्या सदस्याने लक्ष्यसरावासाठी वापरलेल्या .२२ रायफलीचा व एअर रायफलचा वेगळा उल्लेख करून शस्त्रांच्या संख्येच्या मर्यादेतून तिला सूट दिलेली आहे. म्हणून रायफलीच्या आधी क्लब निवडावा. आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात १० मीटर एअर रायफलवर होते आणि ते योग्यच आहे, कारण ठरावीक शक्तीच्या आतल्या .१७७ एअर रायफलला परवाना लागत नाही आणि उभ्या स्थितीचा पाया तिथेच घातला जातो. पुण्याला बालेवाडी, मुंबईला वरळी, कोल्हापूरला दुधाळी अशा रेंजवर निरनिराळ्या रायफली हाताळलेली माणसे भेटतात. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण करून जगज्जेती ठरलेल्या तेजस्विनी सावंत कोल्हापूरच्याच. निदान सहा महिने क्लबच्या रायफलीवर काढावेत आणि बटची लांबी, चीकपीसची उंची, हँडस्टॉपचा क्रमांक ही आपली मापे वहीत लिहीत जावीत. ही वही घेऊन दुकानात गेलेला माणूस सहसा फसत नाही, आणि परवान्याच्या अर्जाचा काळही त्यात निघून जातो.

रायफल घरी आल्यावरचा पहिला पावसाळा तिच्या कसोटीचा असतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर लाकडी दस्ता दमट हवा पितो, फुगतो आणि नळी जिथे टेकते तिथला दाब बदलतो, म्हणून मे महिन्यात जमलेला नेम जुलैत साइटचे दोन क्लिक (खटके) सरकला तर साइटला दोष न देता आधी स्क्रूंचा ताण तपासावा. रेंजवरून परतल्यावर घामाचे हात लागलेली प्रत्येक लोखंडी जागा तेलाच्या फडक्याने पुसावी, बोल्ट काढून वेगळा कुलपात ठेवावा आणि रायफल ओल्या बॅगेत रात्रभर राहू देऊ नये. कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवली, तर ती महिन्याला बदलायची आहे हेही त्याच वहीत, लॉट क्रमांकांच्या शेजारी, लिहून ठेवावे.